कुलूप लावलेल्या घराचं दळण

गिरणी बंद केली तरी ती अंगात तासभर चालूच राहते. दातांत, कानांत, तळपायांत. उदगीरला मोंढ्यामागे माझी पिठाची गिरणी आहे. दुपारी लाइट गेली की मी पोत्याला टेकून बसते. उडालेलं पीठ तेव्हा खाली बसत असतं. उन्हाच्या पट्ट्यात ते इतकं हळू उतरतं, की आपणच वर चाललोय असं वाटतं. डोळा लागतो, लागत नाही. त्या वेळात मेलेली माणसं दळण घेऊन येतात. मी त्यांना नंबराप्रमाणे बसायला सांगते.

अशाच एका दुपारी माझी नात, मुलीची मुलगी, वरच्या खोलीतून खाली आली. ती नांदेडला इंजिनिअरिंग शिकली, पुण्यात नोकरीला लागली, ती नोकरी गेली, आणि ती माझ्याकडे राहायला आली. एक नवं काम मिळालं होतं, पण परीक्षेवर. कंपनीनं जुन्या जातीचं एक मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, पाठवलं होतं, अर्ध्या पोत्याएवढं जड. मशीनमध्ये सगळ्या प्रोग्रामांचा कारभार पाहणारा एक मूळ प्रोग्राम असतो, त्याला ती कर्नेल म्हणते. तो मधूनच अडकायचा आणि सगळं ठप्प व्हायचं. शनिवारपर्यंत ते अडकणं थांबवलं तर काम कायम. नाही तर लातूरला क्लासमध्ये शिकवायला जायचं. ते तिनं आधी एक वर्ष केलं होतं. ओरडून ओरडून तिचा आवाज बसला, तो अजून पुरता सुटलेला नाही.

त्या दिवशी बुधवार होता.

मी चौथी शिकले. मला समजावून तिला काय मिळणार होतं कोण जाणे. पण लाइट नव्हती, मशीन बंद होतं, आणि तिला गप्प बसवत नव्हतं. तिनं आठ रिकामे डबे घेतले आणि जमिनीवर गोल मांडले.

मशीनचा काम करणारा भाग म्हणे हाताशी असलेल्या वस्तूंवरच काम करतो. हाताशी जागा थोडी. या मशीनमध्ये तिचे आठ भाग पाडलेले, त्यांना खिडक्या म्हणतात. एका कामानं दुसऱ्या कामाला बोलावलं की एक खिडकी पुढं सरकायचं. पहिल्याचं सामान तसंच राहतं. शेजारच्या दोन खिडक्यांत थोडी जागा सामाईक असते, त्यामुळे एकानं दुसऱ्याला काही द्यायचं तर उचलून न्यावं लागत नाही. मी म्हणाले, दोन घरांच्या भिंतीत आरपार कोनाडा असतो तसं. ती म्हणाली, अगदी तसं.

एक खिडकी कर्नेलसाठी मोकळी ठेवायची. बाकीच्या सात भरल्या आणि आठवं काम आलं, की कर्नेल सगळ्यांत जुनी खिडकी रिकामी करतो आणि त्यातलं सामान ज्याचं त्याच्या घरी नेऊन ठेवतो. घर म्हणजे मशीनच्या मोठ्या आठवणीतली त्याची जागा. पुढं ते काम परत सुरू व्हायच्या वेळी सगळं आणून जिथल्या तिथं मांडतो. एक प्रोग्राम थांबवून दुसरा चालवायचा झाला तर सातही खिडक्या आवरायच्या. आणि दुसऱ्याला देण्याआधी खिडकी पुसून द्यायची, नाही तर एकाचं गुपित दुसऱ्याला दिसतं. हे मला सांगायची गरज नव्हती. ज्वारीच्या पाठोपाठ गिरणी न झाडता उपवासाचा राजगिरा टाकला, तर काय ऐकून घ्यावं लागतं ते मला माहीत आहे.

ज्याची खिडकी आवरली त्याला ते कळतही नाही, असं ती म्हणाली. माझ्या डोक्यातून ते फार वेळ जाईना. रोज झोपताना आपण सगळं टाकून देतो आणि सकाळी उठल्यावर आपलं आपल्याला मिळतं, नाव, गुडघे, सगळं. ते रात्रभर कोण सांभाळून ठेवतं, हा विचार मी कधी केला नव्हता.

मग मी कर्नेल झाले. ती डब्यांत चिंचोके टाकत पुढं सरकायची आणि मी मागचे डबे आवरायचे. तेवढ्यात गल्लीतली एक बाई दळण घेऊन आली. आम्ही दोघी जमिनीवर.

"काय मावशी, म्हातारपणी भातुकली मांडली का?"

नात म्हणाली, "मशीनचं काम करून राहिलो, काकू."

"मग लाइट कवा येईल ते इचार की त्या मशीनला."

डबा ठेवून ती गेली. मी नातीला विचारलं, एवढं सोपं आहे तर अडतं कुठं?

ती म्हणाली, मशीनला आठवण कमी पडली की त्यातल्या काही जागा तात्पुरत्या उचलून बाहेर डिस्कवर नेऊन ठेवतात. नेमकी ज्याचं सामान त्या मालकाचीच जागा बाहेर गेलेली असली, तर कर्नेल सामान घेऊन जातो आणि तिथं घर उघडं नसतं.

"म्हंजे कुलूप."

"हाव."

"मग काय करतो तुझा कर्नेल?"

"दारात बसतो. घर उघडंपर्यंत."

आणि बसायचं म्हटलं तरी त्याला आणखी एक खिडकी लागते, ती उरलेली नसते. म्हणून तो तिथंच अडकून बसतो आणि त्याच्यामागं सगळं मशीन बसतं.

मी म्हणाले, "दारात कशाला बसायचं? कोण्या येड्यानं शिकवलं तुला?"

"तूच."

ती नऊ वर्षांची असताना सुटीत माझ्याकडे यायची आणि जवळच्या घरांची दळणं पोचवायची. एकदा तिनं बंद दारापुढं डबा ठेवला आणि पीठ गायीनं खाल्लं. मी तिला एक ठेवून दिली आणि सांगितलं, कुलूप असलं तर डबा खाली ठेवायचा नाही, माणूस येईपर्यंत बसायचं. पुढच्याच आठवड्यात ती एका घरी गेली. ते लोक लग्नाला नांदेडला गेलेले. ती मांडीवर डबा घेऊन बसली, ती दिवे लागेपर्यंत. सणाचे दिवस होते, गिरणीत पाय ठेवायला जागा नव्हती. शेवटी तिथल्याच एका बाईनं तिला आणून सोडलं.

हे सगळं ती डब्यांकडे बघत सांगत होती. म्हणाली, हे अडकणं थांबवायला खिडक्या आवरायचा भाग मीच नव्यानं लिहिला, पण लिहिताना दुसरं काही सुचलंच नाही. कुलूप दिसलं की बसायचं, एवढंच हातून लिहिलं गेलं.

मी सांगितलं, मी स्वतः कधी कुणाच्या दारात बसले नाही. घर बंद असलं की डबा परत आणायचा आणि गिरणीतल्या फळीवर ठेवायचा. वर खडूनं कुणाचा ते लिहायचं. त्या घरचं माणूस दिसलं की आधी त्याचं त्याच्या हातात, मग पुढचं काम.

"मग मला तसं का न्हाई सांगितलंस?"

"तू फळीवरचे डबे उलटेपालटे केले असतेस. बसायला अक्कल लागत नाही."

तिनं चिंचोके एका डब्यात गोळा केले. "आन मला न्यायला का न्हाई आलीस?"

"इसरले होते."

खोटं बोलून काय करायचं होतं? तिनं मान हलवली. पीठ खाली बसत होतं. तिच्या केसांवर बसलं, माझ्या हातांवर बसलं. मग लाइट आली, मी मोटर चालू केली आणि ती वर गेली.

गुरुवार आणि शुक्रवार ती खाली फक्त जेवायला आली. कर्नेलच्या स्वतःच्या घरात तिनं फळी केली. सात खिडक्यांचं सामान मावेल एवढी, प्रत्येकावर मालकाचा पत्ता. मालकाला पुन्हा काम सुरू करू देण्याआधी त्याचं घर उघडायचं आणि फळीवरचं सगळं तिथं पोचवायचं. मी विचारलं, घर मुळात नसलंच तर? ती म्हणाली, मग तो प्रोग्राम मारून टाकायचा. बरोबर आहे. महिनाभर कुणी आलं नाही तर मीही पीठ गायीलाच घालते.

शनिवारी परीक्षा. आठवण मुद्दाम कमी करून मशीन अकरा ते पाच न थांबता चाललं पाहिजे, अशी अट होती. त्या दिवशी लाइट होती. पण माझी मोटर चालू झाली की घरातला दिवा मिणमिणत खाली जातो आणि त्या झटक्यानं तिचं मशीन बंद पडतं. तिनं मला काही म्हटलं नाही. मीच मोटरचा खटका खाली, बंद ठेवला.

बायका येत राहिल्या. तीच गल्लीतली बाई म्हणाली, "लाइट हाय, मोटर हाय, मग गिरणीला काय झालं?"

"पाचनंतर चालू व्हईल. डबा ठेवून जा."

"बरंय. सायब झालात तुमी."

दोन रात्री नात झोपली नव्हती. मी तिला आडवं व्हायला लावलं. तिनं पडद्याच्या कोपऱ्यातला एक आकडा दाखवला. तो बदलतोय तोवर ठीक, थांबला तर उठव, असं सांगितलं आणि लगेच घोरायला लागली.

मी आकड्यासमोर बसले. मशीनचा पंखा गुणगुणत होता. गिरणी बंद असून घरात इतका वेळ दुसरा आवाज मी कधी ऐकला नव्हता. आकडा बदलायचा, पुन्हा बदलायचा. आत कुणाचं तरी अर्धवट काम कुणी उचलून नेत होतं, फळीवर ठेवत होतं, परत आणून मांडत होतं, आणि ज्याचं होतं त्याला पत्ता नव्हता. बघता बघता माझीच मान खाली गेली. दचकून वर बघितलं, तर पत्र्यावर ऊन उतरलेलं आणि आकडा पुष्कळ पुढं गेलेला. माझ्यावाचून तो चालला होता.

पाच वाजले तेव्हा मी तिचा खांदा हलवला. तिनं आकडा बघितला, काहीतरी टाइप केलं, पाठवलं आणि फोन हातात धरून बसली. फोन आला. ती हो, हो म्हणत राहिली, त्या बसलेल्या आवाजात.

"काय म्हणले?"

"कायम केलं."

"मग खाली चल. अकरा डबे हायत."

मी खाली गेले आणि खटका वर केला. दिवा खाली गेला, पट्टा फिरला, आणि वर तिचं मशीन झटक्यानं बंद पडलं. आता पडलं तरी चालत होतं.