समजा, राणीऐवजी काका गादीवर बसला असता

पोळ्यात बैलांची मानाची जोडी पुरुषानंच तोरणाखालून न्यायची, आणि असं काहून, ते विचारायचं नाही! हा आमच्या आसेगावच्या घरातला नियम. आता त्या नियमाशी भांडताना मी केवढी माती खाल्ली, ते कोणत्या तोंडानं सांगू?

बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. मी त्यांची एकुलती एक, अमरावतीला बी.ए. करणारी. मान थोरल्या घराचा, म्हणजे आमचा. पण पोळ्याच्या आदल्या दिवशी धाकटे काका म्हणाले, "यंदापासून मान माह्या घरी."

मी तडक ओसरीवरच्या म्हाताऱ्यांना इतिहास ऐकवायला बसले. अठराशे सदतीस साली विलायतेचा राजा वारला. औरस मूलबाळ मागे नाही. काका टपून बसलेले, तरी गादी मिळाली पुतणीला!

इथंच थांबायचं ना? पण नाही! म्हटलं, "समजा, काकालाच बसवलं असतं तर?" आणि सुटले. त्याचा मुकुट नाकावर घसरतो म्हणून आत फडकं कोंबलं, पुतणी बिचारी चुलीपुढं बसली... म्हातारे तंबाखू मळायचे थांबले.

दिवेलागणीपर्यंत गावभर झालं. "कालेजातल्या पोरीनंच सांगतलं! विलायतेतबी काकाच गादीवर बसला!"

शेजारच्या गणपतआबांना तेवढी शंका आली. "पण माह्याजवळच्या चांदीच्या रुपयावर तं बाई हाय."

"काकाची बायको असन ते!" काकांनी निकाल दिला.

मी ओरडले, "अहो, ते 'समजा' होतं!"

"म्हंजे तू आमाले खोटं सांगतलं?"

"खोटं नाही, कल्पना!"

"अन् मुकुटातलं फडकं? तेबी कल्पनाच काय वं?"

फडक्यानंच घात केला.

दुसऱ्या दिवशी तोरणाखाली बैल सजून उभे. काका म्हणाले, "पोरी, हो बाजूले. तूच सांगतलं, काकाचा मान."

"नाही होणार! विलायतेत काहीही होवो. मान बाबांच्या घराचा आहे, आणि जोडी मीच नेणार!"

वाजंत्री थांबली. काका कंबरेवर हात ठेवून बघू लागले.

मी ऐटीत कासरा धरला. बैल ढिम्म! तेव्हा ध्यानात आलं, विलायतेचे राजे तोंडपाठ, पण बैल हाकायला काय म्हणतात, ते कधी शिकलेच नाही.

आणि त्या शांततेत मी बैलांना जे म्हणाले, ते अख्ख्या गावानं ऐकलं.

"चला ना, प्लीज!"