दार लोटून दिलेला घास

मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेली आणि तिचा परदेशी जातीचा पाळीव साप इथे फ्लॅटवर माझ्याकडे राहिला. तो काही खाईना. दर शनिवारी मी फ्रिजरमधला उंदीर कोमट करून चिमट्याने त्याच्यापुढे हलवायचे आणि "खा रे मेल्या" म्हणत तासभर बसायचे. आठवड्यात मोठ्याने बोलणं काय ते तेवढंच.

गणपतीला नैवेद्य दाखवून, देव जेवेपर्यंत दार लोटून बाहेर थांबले, तेव्हा डोक्यात आलं. गणपती गेल्यावर सापापुढे उंदीर ठेवला आणि तसंच दार लोटलं. तासाभराने पाहिलं, तर त्याने खाल्लं होतं.

मुलगी फोनवर म्हणाली, "बरं झालं आई, आता तुला त्याच्याजवळ बसायला नको."

पुढच्या शनिवारी दार लोटलं आणि मी उगाच बाहेर बसून राहिले.