भाडं घ्या, मास्तर

खोली भाड्यानं देण्याआधी वच्छलाबाई त्या खोलीत एक अख्खा दिवस स्वतः राहायच्या. सकाळी स्टोव्ह, भाताचा गंज, तांदूळ आणि एक चटई घेऊन जायच्या, तिथेच भात रांधायच्या, दुपारी तिथेच आडव्या व्हायच्या आणि दिवेलागणीला कुलूप लावून परत यायच्या. आमच्या वरठी गावात लोक हसायचे. चार खोल्यांची मालकीण, आणि आपल्याच खोलीत बिऱ्हाड मांडून बसते! कुणी विचारलंच तर बाईंचं उत्तर तयार असे. "धूर कुठं कोंडते, मोरीचं पाणी कुठं तुंबते, हे भाडेकरूनं मले काहून सांगावं? मालक कोण हाये, तो का मी?"

त्यांचं माहेर-सासर दोन्ही मोहाडीकडचं, मागावर लुगडी विणणारं. मागाचे दिवस सरले तेव्हा नवरा वरठीच्या कारखान्यात लागला. तो गेल्यावर जे काही हाती आलं, त्यातून या बाईनं स्टेशनच्या रस्त्याला चार खोल्या बांधल्या. तीन भाड्यानं दिल्या आणि चौथीत त्या आणि मुलगा सुनील. सगळं गाव त्यांना मावशी म्हणायचं, मीही.

मी शाळामास्तर. मुलांना गणित शिकवतो आणि स्वतःच्या व्यवहारात पक्का ढ. घरामागच्या जागेत दोन खोल्या काढायच्या, म्हातारपणाला तेवढाच आधार, असं मी आणि माझ्या बायकोनं, नलिनीनं ठरवलं. मोठ्या हौसेनं नकाशा काढून घेतला आणि मावशींना दाखवायला गेलो. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला.

"काय जी मास्तर, लग्नाचा हॉल बांधून राहिले का? राहणार कोण यात?"

"कारखान्यातले कामगार."

"मंग त्याले रातपाळी राहते. तो झोपते दिवसा. एवढ्या मोठ्या खिडकीतून तोंडावर ऊन घेऊन झोपन का तो बिचारा? अन् मोटारसायकल कुठं ठेवन? तुमच्या डोक्यावर?"

खरं सांगतो, मला राग आला. चौथी शिकलेल्या बाईनं भर अंगणात माझी शाळा घेतली होती. पण घरी येऊन नकाशा पुन्हा पाहिला आणि गपगुमान खिडकी लहान केली. फुलाफुलांच्या फरशीचे पैसे दुसऱ्या नळाला आणि मोटारसायकलीच्या शेडला लावले. पुढच्या बारा वर्षांत माझ्या खोल्या सलग महिनाभरही रिकाम्या राहिल्या नाहीत.

बाकीचंही त्यांनीच शिकवलं. भाडं आजूबाजूपेक्षा थोडं कमीच ठेवायचं, म्हणजे चांगला माणूस टिकतो. अनामत रक्कम आपली समजायची नाही, तिला हात लावायचा नाही. अकरा महिन्यांचा करारनामा करायचाच, मग तो सख्ख्या मेव्हण्याशी का असेना. मी एकदा ओळखीच्या माणसाला बिनकागदानं खोली दिली, तेव्हा त्या आठ दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत. "ओळख हाये म्हणून तं कागद पायजे," म्हणाल्या, "अनोळख्याशी भांडण झालं तं काय जाते आपलं?"

आणि याच बाईनं मुलाच्या एका शब्दावर सही करून चारही खोल्या विकून टाकल्या. सुनीलला नागपुरात फ्लॅट घ्यायचा होता. त्यात गैर काही नव्हतं; पोरगा चांगला, सून चांगली. आईला नेलंही त्यांनी सोबत, अगदी मानानं. दोन महिन्यांनी पाहतो तर मावशी माझ्या दारात, हातात पिशवी.

"खोली खाली हाये का, मास्तर?"

नलिनीनं पाणी दिलं आणि विचारलं, "मावशी, तिथं काही बोललं का कुणी?"

"कोणीच नाही बोललं वं बाई. पण कुठं बसू, टीवी लावू का, भाजी मी चिरू का, हे मले दररोज विचारा लागे. साठीनंतर माणसानं किती विचारावं?"

मागची खोली रिकामी होती. करारनामा त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि मगच सही केली. नवऱ्यामागची पेन्शन येत होती, तिच्यातून दर एक तारखेला सकाळी सातच्या आत भाडं हजर. मी घ्यायला कचरलो की डोळे वटारायच्या. "भाडं घ्या, मास्तर. भाडं देते तवर महिनाभर तं मले कोणी उठ म्हणत नाही." मी हसायचो आणि घ्यायचो. त्या खोलीत त्यांनी दाराशी तुळस लावली, भिंतीला खिळे ठोकले, आणि एकही गोष्ट आम्हाला विचारून केली नाही. इतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या हिवाळ्यात त्यांना दम्यानं धरलं. भंडाऱ्याच्या दवाखान्यात दोनदा नेलं. औषधांचा ढीग पाहून नलिनीचं आणि माझं बोलणं झालं, या बाईकडून आता भाडं काय घ्यायचं? एक तारखेला त्या धापा टाकत आल्या. मी त्यांची मूठ हलकेच बंद केली.

"मावशी, आता हे राहू द्या. तुम्ही घरच्याच आहात."

"या महिन्याचं?"

"कायमचंच."

त्यांनी पैसे परत पदराच्या गाठीत बांधले. मग "बरं," म्हणाल्या आणि गेल्या. मला त्या दिवशी स्वतःचा फार अभिमान वाटला. शाळेत दोघा-तिघांना सांगितलंसुद्धा.

त्यानंतर मावशी बदलल्या. नळ सोडायच्या आधी नलिनीला विचारू लागल्या. तुळशीची कुंडी इथे चालेल का, म्हणाल्या. दुपारी पडायच्या ते दार लोटून, चोरासारख्या. आम्हाला वाटलं, आजारपण आहे. दहाव्या दिवशी सुनीलची गाडी आली. "लेक बोलावून राहिला," एवढंच बोलून त्यांनी नलिनीच्या हातात किल्ली दिली. माझ्याकडे पाहिलंही नाही.

पंधरा दिवसांनी मी फोन केला. आवाज पार खोल गेला होता.

"मावशी, खोली कुणाला दिली नाही. तुमचीच आहे, कधीही या."

पलीकडे त्यांनी आधी धाप आवरली. मग म्हणाल्या, "माझी कशी जी, मास्तर? मी भाडं कुठं देऊन राहिली?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. या बाईला मी माझ्या चांगुलपणानं घराबाहेर काढलं होतं.

"घेतो, मावशी. एक तारखेपासून घेतो. वाढवूनसुद्धा घेतो. तुम्ही फक्त या."

"खरं?" त्या म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी त्यांचं ते हसू ऐकलं. "मंग नवीन कागद करून ठेवा."

मी करारनामा करून आणला. एक तारखेला तीन दिवस होते, तेव्हा सुनीलचा फोन आला, आई पहाटे गेली म्हणून.