करंटची सुई आणि मोठी जाऊ

माझ्या पार्लरमधल्या यंत्राचा शॉक बसतो, असं माझ्या मोठ्या जावेने, अक्काने, तंजावूरभर सांगून ठेवलं होतं. तो राग मी अजून सोडलेला नाही, सोडणारही नाही.

केस मुळापासून काढणारं ते यंत्र मी मद्रासच्या एका बंद होणाऱ्या पार्लरमधून आणलं होतं. मालकीण किंमत उतरवेना, तेव्हा मी उठून जिन्यापर्यंत गेले. तिने हाक मारली. मग मी यंत्राच्या पायाने दाबायच्या पेडलला गेलेली चीर दाखवली आणि नव्या सुयांचं खोकंही त्याच भावात पदरात पाडून घेतलं. केबल टीव्ही घरोघर आला होता, दुकानांत परदेशी क्रीमं दिसू लागली होती; आता बायका नुसत्या थ्रेडिंगवर थांबणार नाहीत, असा माझा अंदाज. पण अक्का देवळात सांगत सुटली, "तिथे हनुवटीला करंट देतात गे!" यंत्रावर चादर पडली ती पडलीच.

पुढे अक्काच्या मुलाचं लग्न ठरलं. एका नातेवाइकाच्या लग्नाची कॅसेट बघताना तिला दिसलं, की व्हिडिओवाल्याच्या झगझगीत दिव्यात बाईच्या हनुवटीवरचा केस न् केस उभा राहतो. दुसऱ्याच दुपारी ती माझ्या मागच्या दारात हजर.

"पुढून ये," मी म्हटलं. "मागच्या दाराने मांजर येतं."

"येते. पण खिडकीचा पडदा ओढ."

"पडदा उघडाच राहील. गावभर शॉक सांगितलास, आता गावाने बघावं."

"अय्यो, टाउन बसमधून दिसेल!"

"मग जा मद्रासला."

शेवटी पडदा उघडा, पण तिची पाठ रस्त्याकडे, यावर मिटलं. घासाघीस तिलाही येते.

दिवा लावून बघते, तर हनुवटी स्वच्छ! धाकट्या जावेपुढे कसं बसायचं, म्हणून सकाळीच चिमट्याने सगळे केस उपटून आली होती. कामवाली येण्याआधी भांडी विसळून ठेवणारी आमची जात.

"अगे, आता सुई घालू कुठे? केसाच्या कडेनेच ती मुळाशी जाते. वाढव आणि ये."

"वाढवू? आणि लोकांत कशी जाऊ?"

"पदर आहे ना."

काही दिवसांनी ती पदराने अर्धं तोंड झाकून आली. सुई बघून खुर्चीच्या कडेलाच टेकली. तेव्हा मी तिला मद्रासला शिकताना ऐकलेली हकिकत सांगितली. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरने ही युक्ती वापरली. काहींच्या पापणीचे केस आत वळून डोळ्याला टोचायचे, उपटले तरी पुन्हा यायचे. त्याने केसाच्या मुळाशी सुई नेऊन थोडा करंट सोडला आणि मूळच मारलं. हनुवटीची पाळी त्यानंतर आली. पुढे झटपट चालणारी यंत्रंही निघाली. माझं मात्र जुन्या, सावकाश जातीचं.

"डोळ्याशी सुई?"

"डोळ्याशी चालली. तुझी हनुवटी काय त्याहून नाजूक?"

ओल्या कापडात गुंडाळलेली धातूची दांडी मी तिच्या हातात दिली. "ही सोडलीस की करंट बंद. सगळं तुझ्या मुठीत."

पहिला केस अलगद निघून आला. अक्का पुटपुटली, "मुंगी चावली." दांडी तिने सोडली नाही.

लग्नापर्यंत ती येत राहिली. मांडवात व्हिडिओवाल्याचा दिवा आला की मान उंच करून बसायची. विहीणबाईंनी कौतुकाने विचारलं, "काय लावता हो तोंडाला?"

"कस्तुरी हळद," अक्का म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. "हळद? मग इतके महिने माझ्या खुर्चीत काय हळद कुटत होतीस?"

नेमका तेव्हाच नादस्वरवाला दम घ्यायला थांबला होता. सगळा मांडव वळून बघायला लागला.

"बरं बाई," अक्का शांतपणे म्हणाली, "हिचं यंत्रही होतं थोडं."

थोडं! मी पुढे सरसावणार, तेवढ्यात विहीणबाईंनी माझा हात धरून मला बाजूला नेलं आणि हळूच विचारलं, "सोमवारी पार्लर उघडं असतं का?"