डिस्चार्ज बुकातली एक ओळ

बाबांचा उजवा गुडघा फारच दुखायला लागला तेव्हा डॉक्टरांनी एमआरआय करायला सांगितला. म्हणून मी शाळेतून अर्धी रजा घेतली आणि त्यांना रिक्षाने उल्हासनगरला नेलं. तपासणी केंद्रातल्या मुलीने एक फॉर्म पुढे सरकवला. बाबांना चष्मा लावूनही बारीक अक्षर दिसत नाही, त्यामुळे मी प्रश्न वाचत होते आणि त्यांना न विचारताच खुणा करत होते. पेसमेकर नाही. दातांत तार नाही. शरीरात धातूचा तुकडा आहे का? मी 'नाही'वर पेन टेकवलं, तेवढ्यात बाबा म्हणाले, "हाय."

"काय आहे?"

"लोखंड हाय. मांडीत. लिव."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. माझं वय तेव्हा शेहेचाळीस होतं आणि बाबांच्या मांडीत लोखंड आहे हे मला माहीत नव्हतं. मांडीवरचा व्रण माहीत होता. लहानपणी विचारलं की ते म्हणायचे, गाडी पलटी झाली होती. त्यापुढे आम्ही कधी विचारलं नाही. केंद्रातल्या मुलीने एमआरआय रद्द केला, आधी एक्स-रे काढून आणा म्हणाली, आणि आम्ही परत निघालो.

अंबरनाथ आलं. एमआयडीसीच्या फाट्यावर शिफ्ट सुटली होती, रिक्षा अडकून पडली, आणि तिथे, आजूबाजूला हॉर्न वाजत असताना, त्यांनी मला सांगायला सुरुवात केली.

बाबा सैन्यात ड्रायव्हर होते. बांगलादेशच्या लढाईच्या वेळी जम्मूच्या बाजूला पुढच्या चौक्यांना पाणी आणि रेशन पोहोचवायचं त्यांचं काम. वय वीस. शेजारच्या सीटवर साताऱ्याकडचा एक जोडीदार, तोही ड्रायव्हर. भल्या पहाटे दिवे न लावता चढावर गाडी घेत असताना समोरच्या रस्त्यावर तोफेचा गोळा पडला. काच आत आली, गाडी नाल्यात गेली. जोडीदार जागेवरच गेला. बाबांच्या मांडीतून डॉक्टरांनी लोखंडाचे तीन तुकडे काढले, चौथा हाडाजवळ होता, तो राहू दिला.

"मग गाडी पलटी झाली असं का सांगायचात?"

"तेच लिवलंय कागदावर," बाबा म्हणाले. "वळणावर वाहन उलटून अपघात. लढाईत जखमी झालेल्याला पदक मिळतं. अपघातवाल्याला नाय मिळत."

घरी आल्यावर त्यांनी डिस्चार्ज बुक दाखवलं. फौजेतून बाहेर पडताना देतात ते लहानसं पुस्तक, कडा फुगलेल्या, मधली पानं पिवळी. पदकांच्या रकान्यात तीन नावं होती, जखमेचं पदक नव्हतं. मागच्या एका पानावर इंग्रजीत ती ओळ होती. चार शब्दांची. गाडी उलटली एवढंच तिच्यात होतं, गोळा कुठेच नव्हता. आणि गाडी बाबा चालवत होते.

"तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"पंधरा वर्षांनी पुस्तक हातात आलं तेव्हा समजलं. क्लार्क बोलला, दुरुस्तीला टाकतो, पण सहा महिने लागतील, तवर पेन्शनचे कागद हलणार नाय. घरी तुझी आय, तू, तुझा भाव. मी सही केली."

मग पुस्तक मिटून म्हणाले, "त्याची आई होती साताऱ्याकडं. फौज सुटली की तिला भेटायला जायचं होतं. पण कागदावर असं लिवलेलं. कुठल्या तोंडानं जानार?"

फौज सोडल्यावर बाबांनी अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका रसायनाच्या कंपनीची बस बावीस वर्षं चालवली. कामगार त्यांच्या बसला बैलगाडी म्हणायचे, इतकी ती हळू जायची. मला लहानपणी त्याची लाज वाटायची. बावीस वर्षांत त्या बसला एक ओरखडा आला नाही, ही गोष्ट बाबा पाहुण्यांना हमखास सांगायचे, आणि आम्हाला वाटायचं की म्हाताऱ्याला दुसरा विषय नाही.

दुरुस्तीचा अर्ज करायचं माझ्या डोक्यात आलं. बाबा नको म्हणाले नाहीत. उलट दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले होते. आम्ही ठाण्याला माजी सैनिकांच्या कामासाठी असलेल्या ऑफिसात गेलो. तिथले क्लार्क स्वतः फौजेतून आलेले होते. त्यांनी बाबांना उभं राहून नमस्कार केला, चहा मागवला, अर्ज कसा लिहायचा ते समजावलं. मग म्हणाले, "काका, पुरावा काय आहे? फील्ड हॉस्पिटलची चिठ्ठी असेल ना?"

"होती," बाबा म्हणाले आणि खाली बघायला लागले.

ते माझ्याकडे बघत नव्हते, पण मला कळलं.

मोठा पूर आला त्या वर्षी आम्ही नदीजवळ मांजर्लीत तळमजल्यावर राहायचो. उल्हास नदीचं पाणी घरात शिरलं त्या दिवशी बाबा कंपनीची बस घेऊन अडकले होते, भाऊ नाशिकला होता, घरात आई आणि मी. पाणी कॉटच्या खालच्या फळीला लागलं तेव्हा माळ्यावर काय काय टाकायचं ते मी ठरवलं. मिक्सर टाकला, गाद्या टाकल्या, आणि माझी बी.एड.ची सर्टिफिकेटं प्लास्टिकच्या पिशवीत घालून सगळ्यात वर ठेवली. बाबांची काळी ट्रंक जड होती. आई म्हणाली, "अगं, ती ट्रंक." मी म्हणाले, जुने कपडे आहेत त्यात, आणि ती खालीच राहिली. दोन दिवसांनी बाबांनी ती उघडली तेव्हा आत नुसता चिखल होता. डिस्चार्ज बुक तेवढं वाचलं, कारण पेन्शनच्या कामासाठी ते आईच्या कपाटात वर होतं. बाबा मला तेव्हा एक शब्दही बोलले नव्हते. त्यांनी चिखल बादलीत भरला आणि बाहेर नेऊन टाकला.

ठाण्याच्या त्या ऑफिसात मी क्लार्कना म्हणाले, "चिठ्ठी पुरात गेली." कशी गेली ते सांगितलं नाही.

"मग साक्षीदार शोधा," ते म्हणाले. "त्या वेळी तिथे असलेला कोणी. प्रतिज्ञापत्र चालेल."

साक्षीदार शोधण्यात सात महिने गेले. बाबांच्या तुकडीतले बहुतेक जण गेलेले. जुन्या पत्त्यांवर टाकलेली पत्रं परत यायची. शेवटी एका निवृत्त हवालदाराकडून फोन नंबर मिळाला. फील्ड हॉस्पिटलात मलमपट्टीचं काम करणारा, आता सांगलीकडच्या गावात असलेला माणूस. मी फोन स्पीकरवर ठेवला. बाबांनी नाव, नंबर, युनिट सगळं एका दमात सांगितलं. पलीकडून म्हातारा आवाज आला, "पाण्याची गाडी. तूच ना तो, पाण्याची गाडीवाला? अरे, तुला मीच धरला होता. तू बूट काढू देत नव्हतास."

बाबा हसले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हसले. दोघं बोलत बसले आणि मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले. म्हातारे सही करायला तयार होते. मी त्याच आठवड्यात प्रतिज्ञापत्राचा मसुदा करून पाठवला. महिना गेला. मी फोन केला तर त्यांच्या मुलाने उचलला. "मॅडम, वडिलांना आता काही आठवत नाही. सरकारी कागदावर आम्ही त्यांची सही घेणार नाही. उद्या काही झालं तर निस्तरायचं कोणी?" मी म्हणाले, एकदा त्यांच्याशी बोलू द्या. तो म्हणाला, "नको. ते रडतात मग." त्यानंतर तो नंबर लागला नाही.

उरला एक्स-रे. तो आम्ही काढला. काळ्या फिल्मवर हाडाच्या बाजूला ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका होता, एका बाजूने टोकदार. बाबांनी फिल्म खिडकीकडे धरली आणि म्हणाले, "बग, बाय. हा खोटा बोलत नाय." डॉक्टरांनी धातूचा तुकडा असल्याचा दाखला दिला. अर्जाबरोबर तो जोडून आम्ही फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला रजिस्टर पोस्टाने पाठवला. मी पोस्टात उभी राहून पावतीचा फोटो काढला. खरं सांगते, मला वाटलं होतं की आता होईल.

उत्तर यायला अकरा महिने लागले. दोन इंग्रजी परिच्छेद. शरीरात धातू असल्यामुळे तो कशाने शिरला हे सिद्ध होत नाही, वाहनाच्या अपघातातही असे होऊ शकते. संबंधित हॉस्पिटलची त्या काळातली कागदपत्रं मुदत संपल्यामुळे नष्ट केलेली आहेत. सबब उपलब्ध नोंदीत बदल करता येत नाही. खाली सही, कोणाची ते वाचता येत नव्हतं.

मी बाबांना मराठीत सांगितलं. ते म्हणाले, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. मग ते पत्र त्यांनी मागून घेतलं आणि उशीखाली ठेवलं.

त्यानंतर मी जे केलं ते मला आजही पटत नाही. उल्हासनगरला एक दुकान आहे, ट्रॉफ्या आणि शाळांचे बिल्ले बनवणारं. आमच्या शाळेच्या स्पर्धांची पदकं मी तिथूनच आणते. मोबाइलवर जखमेच्या पदकाचा फोटो होता, तो मी दुकानदाराला दाखवला.

"हे बनेल का?"

त्याने फोटो मोठा करून बघितला. "मॅडम, सब बनेगा. रिबन पण सेम टू सेम देतो. नाटक हाय काय शाळेत?"

"हो," मी म्हणाले.

आठ दिवसांनी पदक तयार झालं. वजनदार होतं, रिबनही बरोबर जमली होती. मी बाबांसमोर डबी उघडून ठेवली. पत्र आलं, त्यांनी चूक मान्य केली, असं खोटं सांगायचं मी वाटेत ठरवलं होतं, पण तोंडातून शब्द निघाला नाही. बाबांनी पदक हातात घेतलं. पुढून बघितलं, मागून बघितलं. मग ते आडवं धरून अंगठ्याने त्याची कड चाचपायला लागले, हळूहळू, पूर्ण गोल.

"नंबर नाय," ते म्हणाले.

"कसला नंबर?"

"खऱ्या पदकावर कडेला नंबर असतो. नंबर, हुद्दा, नाव. ज्याचं त्याचं." त्यांनी पदक डबीत ठेवलं, झाकण लावलं आणि माझ्याकडे दिलं. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "परत दे दुकानात. पोरांना उपयोगी पडंल."

त्या दिवसानंतर त्यांनी विषय काढला नाही. मला वाटलं, सुटले त्यातून. आम्ही तेव्हाच चिखलोलीच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो, मी सामान लावत होते. जिथे आमची इमारत आहे तिथून थोड्या अंतरावर कधीकाळी आजोबांची भातशेती होती. बाबा गॅलरीत बसून राहायचे. त्यांच्या हातात कागद असायचा, मला वाटायचं पेपर आहे. एकदा चहा द्यायला गेले तर ते रेकॉर्ड ऑफिसचं पत्र होतं. घड्यांवर फाटलेलं.

"बाबा, द्या ते इकडे."

त्यांनी दिलं नाही. म्हणाले, "बाय, एक विचारू? मना झोप लागली असंल का गं?"

मला आधी कळलंच नाही. "कधी?"

"तवा. तीन दिवस झोपलेलो नव्हतो आमी. चढ होता. वळण तर होतंच तिथं. मना आवाज आठवतो, पण गोळ्याचा की गाडीचा, ते आता सांगता येत नाय."

"बाबा, तुम्ही मला सगळं सांगितलंत. काच आत आली, तीन तुकडे काढले. तो सांगलीचा माणूस बोलला की तुमच्याशी."

"तो बोलला पाण्याची गाडी. गोळा बोलला का तो? आठव."

मी आठवून बघितलं. म्हातारे बूट म्हणाले होते, पाण्याची गाडी म्हणाले होते, कडाक्याची थंडी म्हणाले होते. पुढचं मी ऐकलं नव्हतं, मी स्वयंपाकघरात होते. मी म्हणाले, "हो, बोलले ते. गोळा पडला म्हणाले."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. वर्गात खोटं बोलणाऱ्या मुलाकडे मी जसं बघते, तसं. मग म्हणाले, "इतके शिकलेले लोक हायेत तिथं. उगाच कशाला लिवतील?"

त्यानंतर महिनाभराने ठाण्याच्या क्लार्कचा फोन आला. चांगला माणूस, विसरला नव्हता. वर अपील करता येतं, मुदत संपत आलीय, फक्त काकांची सही आणा, वकील मी बघून देतो, म्हणाले. मी फोन हाताने झाकून बाबांना विचारलं. त्यांनी मान हलवली.

"नको. साताऱ्याकडं त्याच्या आईला काय सांगनार? ती पन गेली असंल आता. मी झोपलेलो असलो तर?"

"तुम्ही झोपला नव्हता, बाबा."

"तू होतीस का तिथं?"

मी क्लार्कना म्हणाले, आम्हाला अपील करायचं नाही. ते म्हणाले, बरं ताई, काकांना नमस्कार सांगा. मी नमस्कार सांगितला. बाबांनी ऐकला की नाही कळलं नाही. मांडीवर जिथे व्रण आहे तिथे पायजम्यावरूनच ते हात फिरवत होते, आणि समोरच्या नव्या इमारतीवर चढवायच्या विटा मोजत असल्यासारखे तिकडे बघत होते.