आहेत तिथेच उपयोगी

आमच्या शाळेच्या ऑफिसच्या खिडकीशी गेलेल्या माणसाला आधी नाव वाचून दाखवावं लागायचं. मोठ्यानं. इंग्रजीत असेल तर एकेक अक्षर सुटं करून. दाखला न्यायला आलेला बाप असो, निवृत्त वकील असलेले आजोबा असोत, नाहीतर खुद्द संस्थेचे चिटणीस. छापलेला कागद खिडकीतून अर्धाच बाहेर यायचा, अर्धा आतल्या बाईच्या बोटांखाली दाबलेला असायचा, आणि आतून आवाज यायचा, "वाचा की ओ स्वल्प." वाचून होईपर्यंत बोटं हलत नसत. कुणी घाईत म्हणालं, "बघितलंय मी, बरोबर आहे," तर उत्तर ठरलेलं होतं. "डोळा भुलतोय ओ. तोंड अडकतंय."

या बाई म्हणजे आमच्या ऑफिस अक्का. मूळच्या निपाणीकडच्या, लग्न होऊन बंगळूरला आलेल्या. त्यांची मराठी त्या भागातली, म्हणजे 'जरा'ला 'स्वल्प' आणि बाई असूनही 'मी आलो, मी गेलो' म्हणणारी. मी पुण्याचा. पुण्याच्या माणसाला दुसऱ्याची मराठी ऐकून गप्प बसणं जमत नाही. चामराजपेटेतल्या त्या शाळेत गणित शिकवायला लागलो, त्याच आठवड्यात मी त्यांना सांगितलं, "अक्का, 'मी गेले' म्हणायचं." त्या म्हणाल्या, "गेलो काय नि गेले काय, बँकेत जाऊन काम करून आलो न्हवं?" त्या दिवशी मी त्यांची मराठी सुधारायचा नाद सोडला आणि पुढची चौदा वर्षं त्यांचा हेवा करायचा नाद धरला.

हेवा म्हणजे साधासुधा नाही. डब्यातलं तिखट अंगावर आल्यावर छातीत जळजळतं ना, तसला. शाळेचा एक जुना विद्यार्थी परदेशातून आला. हातात मिठाईचा मोठा खोका. मी व्हरांड्यातच उभा होतो, दोन्ही हात मुद्दाम रिकामे ठेवून. त्यानं वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "सर, अक्का आहेत ना आत?" दहावीच्या पहिल्या पेपराला हा हॉल तिकीट घरी विसरला होता, तेव्हा अक्का दुसरी प्रत काढून रिक्षानं केंद्रावर पोचल्या होत्या. ती एक रिक्षाची फेरी माझ्या दोन वर्षांच्या त्रिकोणमितीला भारी पडली. मिठाई मला मिळाली, नाही असं नाही. अक्कांनीच आणून दिली. "घ्या की सर, तुमचाबी विद्यार्थी की." त्या 'बी'नं बर्फी कडू लागली.

घरीही तेच. बायको रोज व्हाइटफील्डला नोकरीला जाते, तिला शाळेतलं काही हवं असलं की नवरा त्याच शाळेत आहे याचा तिला विसर पडतो. मी काही सांगायला लागलो की ती विचारते, "हे अक्कांनी सांगितलंय, की तुझं तू म्हणतोयस?" मुलगी आमच्याच शाळेत. तिसरीत असताना खेळताना पडली, दात पडला. माझा वर्ग चार पावलांवर. ती तो दात मुठीत धरून जिना उतरून ऑफिसात गेली.

अक्कांकडे प्रत्येक मुलाचं एक कार्ड असायचं. छापील भागात पत्ता नि फोन, आणि मागे पेन्सिलनं त्यांची स्वतःची विद्या. "आई दुपारी फोन उचलत नाही, शेजारच्या काकूंना करणे." "आजोबांना ऐकू कमी, दोनदा सांगणे." "वडिलांना 'घाबरू नका' आधी म्हणणे, मग बाकीचं." एकदा त्या जागेवर नसताना मी माझ्या मुलीचं कार्ड उपसून पाहिलं. मागे लिहिलं होतं, "वडील शाळेतच असतात. आईला फोन करणे."

तर अशी ही बाई कागदोपत्री होती अटेंडर. बंगळूरच्या शाळांत शिपायाला अटेंडर म्हणतात. घंटा वाजवायला म्हणून लागलेल्या अक्का मधल्या सुट्टीत टायपिंग शिकल्या, मग प्रवेश, दाखले, बोर्डाचे फॉर्म, सगळं त्यांच्या टेबलावर येऊन पडलं. काम चढत गेलं, पद तिथंच घंटेपाशी राहिलं.

नव्या मुख्याध्यापिका मॅडम कुठल्याशा परिषदेहून आल्या त्या एक विचार घेऊनच. शाळेच्या ऑफिसातल्या माणसांची कदर झाली पाहिजे, त्यांना प्रशिक्षण मिळालं पाहिजे. तीन शनिवार वर्ग घ्यायचे, शेवटी प्रत्येकाला सर्टिफिकेट आणि प्रत्येकावर अहवाल, आणि त्या अहवालांवरून एकाला कार्यालय अधीक्षक करायचं. प्रशिक्षक कोण? मी. का, तर शनिवारी माझे तास नव्हते.

ही बातमी कळली त्या दिवशी अक्का पहिल्यांदाच स्वतःबद्दल काही बोलल्या. मला पाण्याचा ग्लास देत म्हणाल्या, "सर, पोरीचं लग्न ठरवायला माणसं येतात. आई काय करते विचारतात. पोरगी म्हणते, शाळेचं ऑफिस सांभाळते. मग ते विचारतात, म्हणजे कोण? त्या 'कोण'ला एकदा कागदावर उत्तर पाहिजे होतं ओ."

मी म्हणालो, "बघू या की." माझ्या तोंडीही तो 'की' आला होता.

प्रशिक्षणाला मी बावीस स्लाइड केल्या. पहिलीवर हसरा चेहरा. 'अभ्यागतांचे स्मितहास्याने स्वागत करा.' समोर अक्का, कारकून मंजुनाथ आणि आणखी दोघं. मंजुनाथ सगळं लिहून घ्यायचा, तारखेसकट. अक्का हात घडी घालून ऐकायच्या आणि मधूनच "सरी, सरी" म्हणायच्या. कन्नडमध्ये त्याचा अर्थ 'बरोबर आहे', पण मला तो 'आटपा' असा ऐकू यायचा.

दुसऱ्या शनिवारी मी चिडलेला पालक झालो. नाटकाची हौस होतीच. दार ढकलून आलो, टेबलावर हात आपटला, "ही काय शाळा आहे का धर्मशाळा? तीन दिवस चकरा मारतोय!" मंजुनाथनं स्लाइड क्रमांक सात बिनचूक म्हणून दाखवली, "आपली अडचण मी समजू शकतो, सार." मग अक्कांची पाळी. मी पुन्हा दार ढकललं, पुन्हा हात आपटला, जरा जोरातच. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं, स्टूल पुढं सरकवलं आणि मऊ आवाजात विचारलं, "ऊटा आयता?" म्हणजे, जेवण झालं का?

आणि मी, चिडलेला पालक, बोलून गेलो, "नाही हो. आज डबाच राहिला घरी."

सगळे इतके हसले की मंजुनाथच्या हातून वही पडली. अक्कांनी स्वतःचा डबा उघडला. भाकरी, शेंगाचटणी. मी ती खाल्ली, चारचौघांत, स्लाइड क्रमांक आठच्या उजेडात. फार चविष्ट होती. चविष्ट नसती तर कदाचित मी पुढचं पाप केलं नसतं.

त्याच आठवड्यात आणखी एक झालं होतं. माझ्या मुलीच्या बोर्डाच्या नोंदणीचा फॉर्म सहीला आला. एकदा गेलेलं नाव जन्मभराच्या सर्टिफिकेटांवर बसतं. अक्का खिडकीतून म्हणाल्या, "वाचा की ओ." मागे सहा पालक रांगेत. मी म्हणालो, "अक्का, पोरीचं नाव मीच ठेवलंय," आणि ठोकली सही. अर्ध्या तासानं त्या थेट माझ्या वर्गाच्या दारात. "सर, सही स्वल्प वाकडी आलीया. परत करा की." चाळीस पोरं खिदळली. मी नव्या फॉर्मवर न बघता सही केली आणि दात ओठ खात वर्गसमीकरणाकडे वळलो.

मग मी अक्कांवरचा अहवाल लिहिला. इंग्रजीत, चार पानं. खोटं एक अक्षर लिहिलं नाही, हेवेखोर माणूस फार जपून लिहितो. 'अनुभव दांडगा.' 'विद्यार्थ्यांत प्रिय.' 'शिकवलेल्या पद्धतीचा अवलंब करत नाहीत.' 'किरकोळ कारणांसाठी दुसऱ्यांदा सह्या घेतात.' आणि शेवटी, ज्या वाक्यावर मी दोन वेळा चहा पिऊन विचार केला, ते वाक्य, 'सध्या आहेत तिथेच त्या शाळेला अधिक उपयोगी आहेत.'

गंमत बघा, या वाक्यात स्तुतीच आहे. शिक्षा दिसतच नाही.

मंजुनाथ अधीक्षक झाला. अक्कांचा स्नेहसंमेलनात सत्कार झाला. शाल, फळांची करंडी, 'उत्कृष्ट सहायक कर्मचारी' असं सन्मानपत्र. मॅडम म्हणाल्या, या माणसांवर शाळा उभी आहे. टाळ्या थांबल्यावर बक्षिसांची यादी कुणाला सापडेना. मंजुनाथ घामाघूम. तेव्हा अक्कांनी अंगावरच्या नव्या शालीखालून यादी काढून त्याच्या हातात दिली. मी पहिल्या रांगेत बसून इतरांपेक्षा जास्त वेळ टाळ्या वाजवल्या.

काही महिन्यांनी मुलीचं बोर्डाचं हॉल तिकीट आलं. जेवताना ती ते निरखत होती. म्हणाली, "बरं झालं बाबा, डी-एन-वाय आलं."

"म्हणजे?"

तिचं नाव ज्ञानदा. आपण ते इंग्रजीत डी-एन-वाय करून लिहितो. इकडे ज्ञ म्हणजे जे-एन. मंजुनाथनं फॉर्मवर इकडच्या रीतीनं जे-एन टाइप केलं होतं, आणि मी, नाव ठेवणारा बाप, त्याखाली सही केली होती. अक्कांनी मुलीला बोलावून अक्षरं वाचायला लावली. ती पहिल्याच अक्षरावर अडकली. अक्कांनी नवा फॉर्म केला आणि तिला बजावलं, "बाबांना सांगू नको गं. सर आहेत ते."

बायको म्हणाली, "बघ." इतकंच. माझी सही वाकडी नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी ऑफिसात गेलो. दार लोटलं. म्हणालो, "अक्का, एक सांगायचंय. तो अहवाल... तुमच्याबद्दलचा... त्यात मी..."

"ठाऊक हाय की ओ," अक्का कार्डं लावता लावता म्हणाल्या.

"कसं काय?"

"टाइप मीच केलो न्हवं?"

चौदा वर्षं माझा प्रत्येक हस्तलिखित कागद मी 'टायपिंग' लिहिलेल्या ट्रेमध्ये टाकत आलो होतो. हाही टाकला होता. तो कोण टाइप करतं, हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता. चार पानं अक्कांवर लिहिली आणि अक्कांनाच टाइप करायला दिली.

"सुपरिंटेंडेंटचं स्पेलिंग दोन जागी चुकलेलं," त्या म्हणाल्या. "बरोबर केलो."

"आणि काही बोलला नाहीत?"

"बोललो की. सहीला पुढं धरलो तवा म्हणालो, सर, वाचा की ओ स्वल्प. तुम्ही म्हणालासा, बघितलंय."

मी उभाच होतो. त्यांनी स्टूल पुढं सरकवलं. मी बसलो नाही. वर्गावर गेलो आणि भागाकाराच्या साध्या उदाहरणात चुकलो. पोरांनी दाखवून दिलं.

त्याच आठवड्यात नवा अहवाल लिहिला, या वेळी माझ्या हातानं टाइप केला, मॅडमना नेऊन दिला आणि पहिला कसा लिहिला गेला तेही सांगितलं. मॅडमनी चष्मा काढला, लावला. म्हणाल्या, "आता मंजुनाथला कसं काढणार? पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षापर्यंत अक्का थांबल्या नाहीत. इंदिरानगरच्या एका शाळेनं त्यांना घेतलं. कार्यालय अधीक्षक म्हणून. निघताना त्या स्टाफरूममध्ये सगळ्यांना भेटल्या, माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "सर, तुमचं ट्रेनिंग कामाला आलं की. मुलाखतीत विचारले, काही ट्रेनिंग झालंय काय? तुमच्या सहीचं सर्टिफिकेट दाखवलो." त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. सापडला नाही. सापडला असता तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर मॅडमनी प्रवेशाच्या दिवसांत रोज दोन तास मला खिडकीत बसवायला सुरुवात केली. पालक येतात, वाकून आत बघतात, "अक्का इल्वा?" विचारतात. मी म्हणतो, नाहीत, मी आहे ना. "सरी, नंतर येतो," म्हणून ते जातात. कार्डांच्या मागची पेन्सिल आता पुसट होत चालली आहे. मी शाईनं गिरवायला घेतली आहे. माझ्या मुलीच्या कार्डावरची ओळही गिरवली, शब्द न बदलता.

परवा बायकोच्या ऑफिसातली एक नागपूरची मुलगी जेवायला आली होती. तिचा मुलगा यंदा इंदिरानगरच्या त्याच शाळेत लागला आहे. कोशिंबीर वाढून घेता घेता ती सांगायला लागली, "आमच्या शाळेत ना, ऑफिसमध्ये एक मॅडम आहेत. इतक्या भारी आहेत ना! पहिल्याच दिवशी मी रडकुंडीला आले होते, तर त्यांनी आधी काय विचारलं माहितेय?"

टेबलाखालून बायकोनं माझ्या पायावर पाय ठेवला. मी विचारलं, "काय विचारलं?"

ती सांगत राहिली. तीन आठवड्यांची ओळख, आणि दर वाक्यात 'आमच्या मॅडम', 'आमच्या मॅडम'. मी तिला भाजी वाढली, पुन्हा वाढली, आणि शेवटी राहवेना तेव्हा विचारलं, "तुमच्या मुलाच्या शाळेत शनिवारी ऑफिस उघडं असतं का हो?"

"असतं ना. का?"

"काही नाही," मी म्हणालो. "एक कागद वाचून दाखवायचा राहिलाय."