वहिनींचा पेनड्राइव्ह

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. माझे बाकीचे सगळे उद्योग तिला ठाऊक आहेत, हा नाही. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही आमच्या घरी कधी येणार नाही, म्हणून असेल.

सांगलीत मी एका पतसंस्थेचे कॉम्प्युटर सांभाळतो. सगळं पुसून नवं विंडोज टाकणं हे माझं रोजचं काम. पण पहिल्यांदा ते केलं आमच्या घरी, कोरेगावजवळच्या गावात. कराडला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो, सुट्टीला आलो होतो आणि अंगात भलतीच हुशारी होती.

आबा, म्हणजे माझे वडील, फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. त्यांनी एक काम मनावर घेतलं होतं. गावात ज्या ज्या घरातला माणूस फौजेत गेला, त्या घरी जाऊन बसायचं, म्हाताऱ्यांना बोलतं करायचं — कोण कुठल्या पलटणीत होता, कोण परत आला, कोण नाही. घरी आले की आबा सांगत आणि वहिनी घरच्या कॉम्प्युटरवर टाइप करत. दादाही फौजेतच, लांब पोस्टिंगवर. संध्याकाळचा तो एक तास या दोघांचा. वही नव्हती, कारण आबांचं अक्षर आबांनाच लागत नसे. दोन वर्षांचं सगळं त्या मशीनमध्ये होतं. वहिनींचा हातही त्यावरच बसला. मराठी टायपिंगचा क्लास त्यांनी लावला होता; परीक्षा द्यायची, जमलं तर तालुक्याला कुठं नोकरी बघायची, असं त्यांच्या मनात होतं.

तर कॉम्प्युटर लय हळू झाला होता. मी म्हटलं, देतो स्वच्छ करून. सी ड्राइव्ह पुसला, नवं विंडोज टाकलं. आबांच्या फाइली डी ड्राइव्हमध्ये होत्या, त्याला हात लावला नाही — तेवढं मला कळत होतं. सगळं झाल्यावर आबांना खुर्चीत बसवलं आणि मोठ्या ऐटीत फाइल उघडली.

कंस, टक्क्यांची चिन्हं, इंग्रजी अक्षरं, मधेच एखादा आकडा. मराठी अक्षर एक नाही. दुसरी फाइल, तिसरी फाइल — तेच.

आबांनी चष्मा काढला, धोतराला पुसला, पुन्हा घातला. मागून वहिनी म्हणाल्या, "भावजी, क्लासच्या सरांनी ह्यात मराठी फाँट टाकला हुता. त्यो गेला असंल का?"

त्यांचं बरोबर होतं. फाँट सी ड्राइव्हवर होता आणि तो मीच पुसला होता. फाइलींना काहीही झालेलं नव्हतं; तो फाँट नसला की तीच मराठी अक्षरं अशी कंसा-टक्क्यांत दिसतात. मला हे तेव्हा माहीत नव्हतं, हे खरं. पण दुसरंही काही माहीत नव्हतं — आणि ते आबांसमोर कबूल करायची लाज वाटली. इंजिनिअर होणार होतो ना मी? म्हणालो, "वहिनी, तुमाला काय कळतंय त्यातलं? व्हायरस हाय ह्यो. तुमचा पेनड्राइव्ह क्लासात फिरतोय, तिथनं आलाय."

आता व्हायरस म्हटल्यावर तसं वागायलाही हवं. डी ड्राइव्हही पुसला. वहिनी प्रिंट काढायला सगळ्या फाइली त्या पेनड्राइव्हवर नेत असत, म्हणजे एक प्रत त्यात होती. तो परत कुठल्या मशीनला लावायचा नाही, असं मीच बजावलं.

आबा रागावले नाहीत. "ऱ्हाऊ दे पोरी आता," एवढंच वहिनींना म्हणाले. वहिनींनी पेनड्राइव्ह रुमालात गुंडाळून शिलाई मशीनच्या खणात ठेवला. परीक्षेचा फॉर्म त्या वर्षी भरला नाही. पुढंही नाही.

इथवर मी अडाणी होतो असं म्हणून सुटता येईल. पण पुढं काय म्हणू? दीड महिन्यानं कराडला एका झेरॉक्सच्या दुकानात उभा होतो. कुणाचा तरी अर्ज उघडला — तेच कंस, तीच टक्क्यांची चिन्हं. दुकानदारानं त्या गिऱ्हाइकाशी बोलता बोलताच फाँट टाकला आणि पडद्यावर मराठी आली. मिनिटभराचं काम. एक फोन केला असता तर खणातला पेनड्राइव्ह बाहेर निघाला असता. केला नाही. उद्या करू, घरी गेल्यावर सांगू — मग नाहीच सांगितलं. आबा आणखी चार वर्षं होते. एकदा पुन्हा त्या घरांकडं गेले, पण निम्मी म्हातारी माणसं तोवर गेलेली. मग आबाही गेले. तेव्हाही मी गप्पच.

वहिनी आजही मोबाइलवर काही नवीन आलं की तो माझ्यापुढं धरतात. "तुमीच बघा भावजी, माझा हात लागला की बिघडतंय." घरात सगळे हसतात. मीही हसतो.

गेल्या दिवाळीत पुतणीनं, प्राचीनं, तो खण आवरला आणि सापडलेला पेनड्राइव्ह तिच्या लॅपटॉपला लावला. मी शेजारीच होतो. पडद्यावर तोच कंसा-टक्क्यांचा पाला. वहिनी दारातूनच म्हणाल्या, "काढ आधी ते. व्हायरस हाय त्यात, काकाला इचार." प्राचीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "दे इकडं, मी बघतो."

सांगलीला येऊन फाँट टाकला. सत्तेचाळीस घरं. एका म्हातारीनं सांगितलं होतं, मुलाची तार आली तेव्हा ती शेंगा फोडत होती, आणि तार वाचून दाखवल्यावरही तिनं उरलेल्या शेंगा फोडून संपवल्या. आबांचाच आवाज होता तो. सगळ्यात शेवटी, आबांनी सांगितलेलं संपल्यावर, दोन ओळी वहिनींच्या होत्या. टायपिंग — सौ. सुनंदा. यात कुठं चुकलं असेल तर ती चूक माझी.

परवा प्राचीचा फोन आला. काका, त्या पेनड्राइव्हमधून काही निघालं का? बघतोय, म्हणालो. फाइल तेव्हा माझ्यासमोर उघडीच होती.